घरच्यांसोबत हरणाची शिकार: विस्कॉन्सिनमधला पहिला सीझन कसा करायचा

नोव्हेंबर जवळ आला की मला मेसेज यायला लागतात, मॅडिसनमधनं, मिलवॉकीतनं, कधी मिनेसोटातनं पण, की दादा तुम्ही मुलीला घेऊन डिअर हंटिंगला जाता ना, आमच्या ऑफिसातला एकजण बोलवतोय, जाऊ का, काय काय लागतं, पोरं नेली तर चालतात का. प्रत्येकाला फोनवर तासभर सांगतो आणि तरी काहीतरी राहूनच जातं, म्हणून यावेळी सगळं एकदाच नीट लिहून ठेवतोय.

मी मूळचा कराडकडचा. इथे येऊन १४ वर्षं झाली, त्यातली शेवटची ९ वर्षं दर नोव्हेंबरला शिकारीला जातो. शिकवलं आमच्या शेजारच्या आजोबांनी. आयुष्यभर दुधाचा धंदा केलेला माणूस, माझी मुलं त्यांना आजोबाच म्हणतात, आणि आता मीही. त्यांच्या भावाची रिचलंड काउंटीत ८० एकर जमीन आहे, टेकड्या, ओकची झाडी आणि खाली मक्याची शेतं. आम्ही तिथेच जातो. म्हणजे मी लिहितोय ते विस्कॉन्सिनचं आहे, दुसऱ्या राज्यात नियम वेगळे असतात आणि इथलेही दरवर्षी थोडे बदलतात, त्यामुळे त्या वर्षीचं नियमांचं पुस्तक राज्याच्या नॅचरल रिसोर्सेस खात्याच्या साइटवरनं काढून स्वतः वाचायचंच.

आणि हे पहिल्यांदाच सांगून टाकतो, गावाकडचे भाऊबंद पण वाचतील म्हणून. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाची शिकार हा गुन्हा आहे आणि तो असलाच पाहिजे. तिथली परिस्थिती वेगळी, इथली वेगळी. इथे १९०० च्या आसपास बाजारात मांस विकणाऱ्यांनी पांढऱ्या शेपटीचं हरीण जवळपास संपवलं होतं, मग विक्री बंद झाली, परवाने आले, सीझन ठरले आणि हळूहळू कळप परत उभे राहिले. आता ते इतके वाढलेत की शेतं खातात, जंगलातली कोवळी ओकची रोपं वर येऊ देत नाहीत आणि रस्त्यावर गाड्यांना धडकतात. इथे किती आणि कोणती मारायची हे राज्य ठरवतं. वर १९३७ च्या एका फेडरल कायद्याप्रमाणे प्रत्येक रायफल आणि गोळ्यांच्या डब्यावर ११ टक्के कर लागतो आणि तो पैसा राज्यांच्या वन्यजीवांच्या कामाला जातो. मला स्वतःला हे समजल्यावरच शिकारीला जायचं मन झालं, त्याआधी आजोबांना मी दोन वर्षं नाही म्हणत होतो.

आधी कागदपत्रं

१ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या कुणालाही हंटर एज्युकेशनचा कोर्स केल्याशिवाय इथे शिकारीचं नेहमीचं लायसन्स मिळत नाही (नवख्यांसाठी एक वेगळी सोय आहे, ती पुढे मुलांच्या भागात सांगतो). मोठ्या माणसांना ऑनलाइन करता येतो पण माझा सल्ला, ऑनलाइन करू नका, मुलांसोबत समोरासमोरच्या वर्गात बसा. शिकवणारे सगळे गावातले जुने शिकारी असतात, स्वतःच्या वेळेत शिकवतात, आणि त्यांनी सांगितलेल्या चुकांच्या गोष्टी कुठल्याच व्हिडिओत नसतात. हे वर्ग ऑगस्ट सप्टेंबरमध्ये भरून जातात, नोव्हेंबरात शोधायला गेलात तर काही मिळणार नाही.

आता व्हिसावाल्यांनी हे नीट वाचा. एच-वन-बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला फेडरल कायद्याने बंदूक किंवा गोळ्या बाळगायला मुळात बंदी आहे. त्यात एक अपवाद असा की तुमच्याकडे अमेरिकेतल्या राज्याचं वैध शिकार लायसन्स असेल तर चालतं. पण "मित्राचीच बंदूक आहे, मी फक्त रेंजवर दोन गोळ्या मारून बघतो" हेही बाळगणंच धरलं जातं, म्हणजे लायसन्स हातात यायच्या आधी मित्राची बंदूकही हातात घ्यायची नाही. शंका असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला शंभर दोनशे डॉलर देऊन विचारा, ग्रीन कार्डच्या रांगेत इतकी वर्षं काढून असल्या गोष्टीत अडकू नका. ग्रीन कार्ड असेल तर ही अडचण नाही.

लायसन्ससोबत हार्वेस्ट ऑथरायझेशन मिळतात, म्हणजे एकेक हरीण मारायची परवानगी, जुनी माणसं अजून त्याला टॅगच म्हणतात. एक नरासाठी, आणि बऱ्याच काउंट्यांत एक किंवा जास्त बिनशिंगाच्या हरणासाठी. नर म्हणजे निदान एक शिंग ३ इंच किंवा जास्त लांब, त्यापेक्षा लहान असेल तर कायद्याने ते बिनशिंगाचंच. आपलं ऑथरायझेशन कुठल्या काउंटीचं, सरकारी जमिनीचं की खाजगी, हे तिथेच बघून घ्यायचं.

बंदूक आणि सराव

यावर इंटरनेटवर हजार लोक भांडत असतात, मी थोडक्यात उरकतो. पॉइंट थ्री झिरो एट किंवा थर्टी-ऑट-सिक्स मापाच्या गोळीची रायफल पुरते, मुलांना आणि पहिल्यांदा येणाऱ्यांना टू फोर्टी थ्री बरी, धक्का कमी बसतो. धक्क्याची भीती एकदा मनात बसली की पोरगं डोळे मिटून ट्रिगर ओढतं आणि ते निघायला वर्षं जातात. गोळ्या शक्यतो तांब्याच्या घ्या, शिशाच्या गोळीचे बारीक कण मांसात लांबवर पसरतात आणि ते मांस तुमची मुलं खाणार आहेत.

आधी २५ यार्डांवर स्कोप, म्हणजे बंदुकीवरची नेम धरायची दुर्बीण, जुळवा, मग १०० वर. टेबलावर पिशवी ठेवून मारलेली गोळी सगळ्यांचीच बरोबर बसते, त्यावर विश्वास ठेवू नका, जमिनीवर बसून, गुडघ्यावर कोपर टेकवून, जाड जॅकेट घालून मारून बघा. जेवणाच्या ताटलीएवढ्या गोलात दहापैकी दहा ज्या अंतरावर बसतात ते तुमचं अंतर. माझं ९ वर्षांनंतरही ११० यार्डच आहे आणि त्यापलीकडे कितीही मोठा नर उभा राहिला तरी मी बंदूक उचलत नाही.

चार नियम कोर्समध्ये पाठ करून घेतात. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं धरायचं. नळीचं तोंड कायम सुरक्षित दिशेला. काय मारतोय आणि त्याच्या मागे काय आहे याची खात्री. आणि मारायची वेळ येईपर्यंत बोट ट्रिगरच्या कड्याबाहेर. आमच्या घरी हे चार नियम खेळण्यातल्या बंदुकीलाही लागू आहेत, दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलालाही. कुणाला अति वाटेल पण हात सवयीने चालतो, पहाटे साडेपाचला थंडीत डोकं चालत नसतं तेव्हा तीच सवय कामाला येते. घरी बंदूक तिजोरीत आणि गोळ्या वेगळ्या कुलपात.

जागा आणि परवानगी

सरकारी जागा भरपूर आहे, उत्तरेला एकटं शवामेगन-निकोले नॅशनल फॉरेस्टच १५ लाख एकर आहे, शिवाय काउंटीची जंगलं. उत्तरेत जाणार असाल तर माहीत असू द्या की तिथे ओजिब्वे या मूळनिवासी लोकांचे १८३७ आणि १८४२ च्या तहांपासूनचे स्वतःचे शिकारीचे हक्क आहेत, १९८३ मध्ये कोर्टाने ते मान्यही केले, त्यांचे सीझन आणि नियम वेगळे असतात. तेव्हा तुमच्या सीझनबाहेर कुणी दिसला की लगेच चोर समजू नका.

खाजगी जमीन हवी असेल तर जून जुलैत विचारायला जा. नोव्हेंबरच्या आदल्या आठवड्यात दार वाजवणारे शेतकऱ्याला वर्षानुवर्षं भेटत आलेत. घरातल्या सगळ्यांना घेऊन जा, आपण कोण, कुठे राहतो, किती जण येणार, गाडी कुठे लावणार सगळं सांगा आणि नाही म्हणाले तर थँक्यू म्हणून निघा, दुसऱ्यांदा विचारू नका. हो म्हणाले तर त्यांनी सांगितलेली हद्द ही काळ्या दगडावरची रेघ. फाटक जसं होतं तसंच ठेवायचं, उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. आम्ही वसंतात एक शनिवार कुंपण दुरुस्तीला जातो आणि गवताच्या वेळी एक दिवस पेंढ्या उचलायला. आपल्याकडे सुगीला एकमेकांच्या रानात जायची पद्धत होती ना, पैरा करायचे, अगदी तसंच.

एकदा तरी सीझनआधी तिथे फिरून या. हरणं रोज साधारण त्याच वाटांनी जातात, गवत दबलेलं दिसतं, चिखलात खूर दिसतात, नरांनी शिंगं घासून झाडांची साल काढलेली असते. ओकचं फळ पडलेलं असेल तिथे हमखास येतात. वारा कुठून येतो ते बघा, कारण हरणाला तुम्ही दिसायच्या कितीतरी आधी तुमचा वास लागतो, वारा हरणाकडून तुमच्याकडे यायला पाहिजे, उलटा असेल तर दिवसभर बसून खारींशिवाय काही दिसणार नाही.

पोरांना नेताना

विस्कॉन्सिनमध्ये मेंटॉर्ड हंटिंग म्हणून सोय आहे, कोर्स न झालेला नवखा माणूस किंवा मूल मोठ्या माणसाच्या हाताच्या अंतरावर राहून शिकार करू शकतं, आणि २०१७ पासून त्याला वयाची खालची अटच नाही. ऑक्टोबरमध्ये दोन दिवस १५ आणि त्याखालच्या मुलांसाठी वेगळे असतात, तेव्हा थंडी कमी असते, पहिल्यांदा तेच बरं. पण कायदा परवानगी देतो म्हणून पोरगं तयार आहे असं नसतं. आमची मोठी १० वर्षांची असल्यापासून येते, पण पहिली तीन वर्षं बंदुकीशिवाय. नुसती माझ्या शेजारी बसायची, दुर्बीण आणि एक वही घेऊन, कुठला पक्षी दिसला, हरीण किती वाजता कुठून आलं लिहायची. ती वही अजून आहे आणि आम्ही बसायची जागा त्याच वहीवरनं ठरवतो.

धाकटा ९ वर्षांचा आहे. मागच्या वर्षी आला, दोन तासांत कंटाळला, पाय गारठले, आम्ही सरळ उठून केबिनवर गेलो आणि गरम कोको प्यायलो. त्या दिवशी मी एकटा असतो तर कदाचित नर मिळाला असता, पण मूल पहिल्या वर्षी रडत बसलं तर परत कधी येणार नाही. जायचं की थांबायचं ते मुलाने ठरवायचं. आणि मुलाला जर मारायचंच नसेल, नुसतं बघायला यायचं असेल किंवा यायचंच नसेल, तर तेही तितकंच मान्य करायचं, चिडवायचं नाही आणि दुसऱ्या कुणाला चिडवू द्यायचं नाही. माझी बायको बंदुकीला हात लावत नाही पण मांस कापायला आमच्यात तिच्याइतका हात कुणाचा नाही, त्यामुळे कॅम्पवर तिचा मान सगळ्यात वर.

ओपनिंग डेची सकाळ

बंदुकीचा मुख्य सीझन नऊ दिवसांचा, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारपासून नंतरच्या रविवारपर्यंत. या राज्यात पाच लाखांवर माणसं त्या आठवड्यात जंगलात असतात. म्हणून कमरेच्या वर बाहेरचे निदान अर्धे कपडे ब्लेझ ऑरेंज किंवा झगझगीत गुलाबी पाहिजेत, टोपी घातली तर तीही निदान अर्धी. आम्ही पूर्ण घालतो. हरणाला तो रंग आपल्यासारखा दिसत नाही, माणसाला मात्र मैलावरून दिसतो. वाटेवर नुसता लघवीला गेलेला माणूससुद्धा ऑरेंजमध्येच.

कपडे सुती नकोत, घाम आला की सुती कपडा ओला राहतो आणि मग थंडी हाडात जाते. आत लोकर, मध्ये जाड थर, बाहेर वारा अडवणारं. चालत जाताना जॅकेट पाठीला बांधून जा आणि बसल्यावर घाला. हात गरम ठेवायच्या पुड्या, थर्मासमध्ये चहा, शेंगदाण्याची चिक्की, हेडलँप, दोर, प्लास्टिकची घसरगाडी, हातमोजे, दोन चाकू. मोबाइल आतल्या खिशात, उणे १० मध्ये बॅटरी बघता बघता उतरते. आणि कुठे बसणार, किती वाजता परत येणार हे केबिनमधल्या कागदावर प्रत्येकाने लिहून जायचं, लहानथोर सगळ्यांनी.

झाडावरच्या स्टँडवर बसणार असाल तर पूर्ण अंगाचा हार्नेस, आणि तो जमिनीवर असतानाच अडकवायचा, वर गेल्यावर नाही. शिकारीत माणसं गोळीपेक्षा जास्त झाडावरनं पडून जखमी होतात. बंदूक रिकामी करून दोराने वर ओढायची, खांद्याला लावून चढायचं नाही. मुलांसोबत असाल तर झाड विसरा, जमिनीवरच्या तंबूत बसा.

गोळी झाडायची वेळ सूर्योदयाआधी अर्धा तास सुरू होते, संध्याकाळची वेळ पुस्तकातल्या तक्त्यात मिनिटासकट छापलेली असते. आम्ही त्याच्या तासभर आधी जागेवर असतो. तो तास मला फार प्रिय आहे. पूर्ण काळोख, मग झाडांच्या आकृत्या करड्या व्हायला लागतात, कुठेतरी घुबड, आणि शेजारी पोरीचा श्वास ऐकू येतो. वर्षभर शाळा, क्लास, फोन यात तिच्याशी जेवढं बोलणं होत नाही तेवढं त्या न बोलण्यात होतं.

कधी मारायचं नाही

सगळा लेख सोडून एवढंच वाचलंत तरी चालेल. हरणाचं हृदय आणि फुफ्फुसं पुढच्या पायाच्या लगेच मागे छातीत असतात, हृदय खाली आणि फुफ्फुसं त्याच्याभोवती आणि वर. हरीण आडवं उभं असेल किंवा थोडं पलीकडे तिरकं असेल तेव्हाच तिथे गोळी लागते आणि ते काही सेकंदांत संपतं. तोंड आपल्याकडे असेल तर नाही. पळत असेल तर नाही. मध्ये झुडपं असतील तर नाही, गोळी फांदीला लागून कुठेही जाते. दोन हरणं एकामागे एक असतील तर नाही. उजेड कमी असेल तर नाही. आणि मागे माती दिसत नसेल तर कधीच नाही, गोळी हरणातून आरपार जाते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट, मुलगी १३ ची होती, बंदूक तिच्या मांडीवर, मी हाताच्या अंतरावर. सव्वासातला एक मोठी मादी वरच्या धारेवरनं उतरायच्या बेतात उभी राहिली, ४० यार्ड, अगदी आडवी, चित्रातल्यासारखी. पोरीने बंदूक काठीवर टेकवली, सेफ्टी, म्हणजे ट्रिगर अडवणारा खटका, काढलेली ऐकू आली मला, आणि मग काहीच नाही. मी बघतोय तिचं बोट कड्याबाहेर सरळ आहे. मग परत सेफ्टी लागल्याचा आवाज आला आणि ती अगदी हळू म्हणाली, बाबा, हिच्यामागे नुसतं आभाळ आहे. आणि खरंच, धारेच्या पलीकडच्या उतारावर रस्ता आहे आणि त्यापलीकडे एक घर, इथनं दिसत नाही पण आहे. मादी शेपूट उडवून निघून गेली. त्या दिवशी आम्हाला परत हरीण दिसलं नाही. रात्री केबिनमध्ये आजोबांनी ते ऐकलं, काही बोलले नाहीत, उठले आणि त्यांच्या वडिलांचा हाडाच्या मुठीचा चाकू आणून तिच्या हातात ठेवला. तिला पहिलं हरीण मिळालं आठवडाभराने, शेवटच्या रविवारी. पण तो चाकू आपल्याला न मारलेल्या हरणासाठी मिळालाय हे ती सगळ्यांना सांगते.

गोळी झाडल्यावर

उठू नका. बंदूक परत भरून सेफ्टी लावा, हरीण कुठे उभं होतं आणि शेवटचं कुठे दिसलं ते एखादं झाड डोळ्यात ठेवून लक्षात ठेवा, घड्याळ बघा आणि अर्धा तास बसा. लगेच मागे धावलं तर जखमी हरीण अंगात असेल तेवढ्या ताकदीने लांब जातं, बसू दिलं तर जवळच पडतं.

मग जागेवर जाऊन रक्त आणि केस बघायचे. गुलाबी, फेसाळ रक्त म्हणजे फुफ्फुस, शंभर पावलांत मिळेल. गडद लाल म्हणजे बहुतेक यकृत, तीन-चार तास थांबा. हिरवट तपकिरी आणि वास येणारं काही असेल तर गोळी पोटात लागलीय, मग निदान आठ तास, म्हणजे संध्याकाळ असेल तर सकाळपर्यंत. प्रत्येक रक्ताच्या थेंबावर टॉयलेट पेपरचा तुकडा ठेवत जा, मागे वळून बघितलं की हरणाची दिशा कळते, आणि परत येताना ते सगळे तुकडे उचला. रक्तावर पाय देऊन चालायचं नाही, बाजूने चालायचं. हद्द ओलांडून गेलं असेल तर आधी त्या जमिनीच्या मालकाला फोन.

माझ्या दुसऱ्या वर्षी मी चूक केली. दुपारी पावणेचारची वेळ, उजेड उतरत होता, नर हळूहळू चालत होता, मी घाई केली आणि गोळी मागे लागली. जागेवर तोच हिरवट डाग. आजोबांनी डाग बघितला, वास घेतला आणि म्हणाले आता घरी. ती रात्र मी झोपलो नाही. सकाळी उजाडल्यापासून आम्ही चौघं ओळीने चालत होतो, साडेदहाला ओढ्याच्या कडेला पाण्याशी सापडला, मागचा एक पाय कोयोटींनी खाल्लेला. उरलेलं मांसही खराब झालं होतं. माझ्या मनात आलं की सीझनचे सात दिवस उरलेत, हे कुणी बघितलेलं नाही. आजोबा काही न बोलता उभे होते. मी फोन काढला, माझं नराचं ऑथरायझेशन त्यावर लावलं, त्या वर्षीचा माझा नर तोच होता. त्यानंतर सात दिवस मी इतरांची हरणं ओढली, भांडी घासली, आणि पहिल्यांदाच मला कॅम्पमधला एक माणूस असल्यासारखं वाटलं.

मिळाल्यावर मागच्या बाजूने जायचं, लांब काठीने डोळ्याला हलकं शिवायचं, पापणी हलली नाही म्हणजे गेलं. आमच्यात कुणी आरडाओरडा करत नाही. हात लावून दोन मिनिटं शेजारी बसतो. मुलगी पहिल्या हरणाशेजारी रडली, आणि मी तिला गप्प केलं नाही. फोटो घ्यायचा तर जीभ आत करून, रक्त पुसून, नीट बसून घ्या, अंगावर पाय ठेवून कुणाचा फोटो दिसला तर आजोबा त्याला परत बोलवत नाहीत.

साफ करणं

लगेच करायचं, गरम मांस लवकर खराब होतं. हातमोजे घाला. पाठीवर झोपवा, कमरेपासून छातीच्या हाडापर्यंत कातडी आणि आतला पडदा कापत जा. दोन बोटं आत घालून कातडी वर उचलायची आणि पातं वर ठेवून बोटांच्या मधनं चालवायचं, म्हणजे कोठा फुटत नाही. कोठा किंवा मूत्राशय फुटलं तर मांसाला वास लागतो. गुदद्वाराभोवती गोल कापून दोरीने बांधायचं. मग छाती आणि पोटामधला पडदा कडेने कापायचा, हात वर घालून श्वासनलिका कापायची आणि सगळं एकत्र बाहेर ओढायचं. शेवटी पालथं करून रक्त निथळू द्यायचं आणि छाती उघडी राहावी म्हणून आडवी काटकी लावायची. पहिल्यांदा पाऊण तास लागतो, नंतर पंधरा मिनिटं. मांस ४ अंश सेल्सिअसच्या खाली लवकरात लवकर आलं पाहिजे. बाहेर ऊन असेल तर भाग करून बर्फाच्या कूलरमध्ये ठेवा आणि साठलेलं पाणी काढत राहा.

नोंदणी आणि टेस्ट

हरीण मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५ च्या आत गेमरेज या खात्याच्या नोंदणीत, फोनने किंवा ऑनलाइन नोंदवायचंच. दोन मिनिटांचं काम आहे. पुढच्या वर्षी किती मारू द्यायची हे याच आकड्यांवरनं ठरतं, म्हणून चुकवणारा माणूस सगळ्यांचंच नुकसान करतो.

आता क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, सीडब्ल्यूडी. हा हरणांच्या मेंदूचा रोग, जंतूमुळे नाही तर बिघडलेल्या प्रथिनामुळे होतो, हरीण वाळत जातं आणि मरतं, औषध नाही. विस्कॉन्सिनमध्ये पहिल्यांदा २००२ मध्ये माउंट होरेबजवळच्या हरणांत सापडला, आणि आमची रिचलंड काउंटी आता त्याच्या ऐन पट्ट्यात आहे. माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण रोगी हरणाचं मांस खाऊ नका असंच आरोग्यवाले सांगतात, आणि हरीण बाहेरनं धडधाकट दिसलं तरी रोग असू शकतो. म्हणून डोकं, खाली ५ इंच मानेसकट, खात्याच्या किऑस्कवर नेऊन ठेवायचं, टेस्ट फुकट आहे, निकालाला दोन आठवड्यांच्या आसपास लागतात. तोवर मांस फ्रीझरमध्ये, प्रत्येक पाकिटावर त्या हरणाचा टेस्ट नंबर. दोन हरणांचं मांस एकत्र करायचं नाही, खिमा करतानाही मशीन मध्ये धुऊन.

आणि आपल्या मराठी लोकांसाठी मुद्दाम: नळी चोखायची नाही, भेजा नाही, पाया नाही, मणक्याची हाडं घातलेला रस्सा नाही. रोगाचं प्रथिन मेंदू, मणक्यातली दोरी, डोळे, प्लीहा आणि गाठींमध्ये जास्त असतं आणि शिजवून ते मरत नाही. मटणाची सवय असलेल्या माणसाला जड जातं, माहीत आहे, माझे वडील इथे आले तेव्हा नळी नाही म्हटल्यावर नाराज झाले होते. पण मांस हाडावरून सोडवूनच घ्यायचं, मणका करवतीने कापायचा नाही. उरलेली हाडं कचऱ्याच्या अधिकृत जागी, रानात नाही, ते प्रथिन मातीत वर्षानुवर्षं राहतं.

घरी आल्यावर

आमच्याकडे रविवारी स्वयंपाकघरातलं टेबल प्लास्टिकने झाकतो आणि सगळे बसतो. पाठीच्या दोन्ही बाजूचे लांब पट्टे, आतले दोन छोटे, मागचे पाय, खांदे, मान. स्नायूंच्या मधल्या रेषेने बोट घालत गेलं की मांस आपोआप सुटतं, चाकू फक्त शेवटी लागतो. चंदेरी पातळ पडदा काढायचा आणि हरणाची चरबी सगळी काढायची, ती तोंडात मेणासारखी चिकटते. गोळीच्या जखमेभोवतीचं मांस हात राखून न ठेवता कापून टाकायचं. ५० किलोच्या साफ केलेल्या मादीतून साधारण २० किलो निव्वळ मांस निघतं.

पाठीचा पट्टा मसाल्यात बुडवू नका, मीठ, मिरपूड, लसूण, कडक तवा आणि लगेच उतरवा, त्यात चरबी नसते, जास्त शिजवला की चपलेसारखा होतो. मांडीचे तुकडे दह्यात रात्रभर आणि मग कांदा-लसूण मसाल्यात, सुकं. मान आणि पोटऱ्या कुकरला, सहा-सात शिट्ट्या, कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि लाल रस्सा, आजोबा भाकरी कुस्करून खातात आता. उरलेल्याचा खिमा, ७१ अंशांपर्यंत पूर्ण शिजवून.

हे मांस विकता येत नाही, कायद्यानेच बंदी आहे, त्यामुळे ते वाटलंच जातं. आमची वाटणी अशी: पहिला पाठीचा पट्टा जमीनवाल्यांना, दुसरा ज्याने हरीण ओढायला मदत केली त्याला. मग आमच्या गल्लीतल्या एका एकट्या आजींना खिमा. जास्तीचं हरीण असेल तर राज्याची दान योजना आहे, ठरलेल्या खाटकाकडे अख्खं हरीण नोंदणी करून नेऊन द्यायचं, तो कापून अन्नछत्रांना देतो, तुम्हाला खर्च पडत नाही. कुठले खाटीक त्यात आहेत ते दरवर्षी बदलतं, म्हणून हरीण मारायच्या आधीच फोन करून ठेवा, कारण शनिवारी दुपारपर्यंत त्यांचे कूलर भरलेले असतात.

पाकिटावर मार्करने चार गोष्टी लिहा: तारीख, कुठला भाग, टेस्ट नंबर आणि कुणाचं हरीण. आमच्या फ्रीझरमध्ये आत्ता वरच्या कप्प्यात जी पाकिटं आहेत त्यांच्यावर पोरीच्या अक्षरात तिचं नाव आहे, आणि जमीनवाल्यांचं पाकीट वेगळ्या पिशवीत आहे, टेस्टचा निकाल आला की आम्ही चौघं जाऊन देणार, आणि तेव्हाच विचारणार, कुंपणाला यंदा कुठल्या शनिवारी यायचं.